नाळेतलं रक्त: बँकेत ठेवायचं, दान करायचं, की बाळालाच द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीला आठवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण, राहायला नाशिकला. गर्भसंस्काराच्या वर्गात एका खासगी स्टेम सेल (नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) बँकेचे प्रतिनिधी आले आणि नाळेतलं रक्त ७५ वर्षं साठवायची योजना समजावून गेले. ६५ हजार रुपये, हप्त्यांची सोय. तुमच्या साडूंच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. तो आता बरा आहे, पण ती धास्ती घरातून गेलेली नाही. तुम्ही लिहिलंय, ‘पैसे गेले तर गेले, पण उद्या गरज पडली आणि आपण ठेवलंच नव्हतं, असं व्हायला नको. साठवावं का? नाहीतर दान तरी करता येतं का?’

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षं बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला मगज बदलण्याचं काम करते. म्हणजे या साठवलेल्या पिशव्या ज्यांनी वापरायच्या, त्या डॉक्टरांपैकी मी एक. त्या बाजूने पाहिलं तर ‘साठवावं का’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की साठवलेलं रक्त नेमकं कुणाच्या आणि कुठल्या आजारात कामी येणार. त्याचं उत्तर घराघराप्रमाणे बदलतं, म्हणून मी माझा विचार कसा चालतो तेच सांगते.

नाळेतल्या रक्ताला किंमत आहे यात शंका नाही. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया (बोन मॅरो निकामी करणारा जन्मजात आजार) झालेल्या पाच वर्षांच्या मुलाला नाळेतल्या रक्ताने बरं केलं. जगातलं ते पहिलं असं ट्रान्सप्लांट. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. प्रतिनिधी ही गोष्ट सांगतात तेव्हा हा तपशील बहुतेक वेळा मागे पडतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पत्रकावर ‘८० हून अधिक आजारांवर उपचार’ असं लिहिलेलं असतं. ती यादी खोटी नसते. पण त्यातले थॅलसेमिया, सिकल सेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार हे सगळे जनुकांमधले दोष आहेत. तो दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, नाळेतल्या रक्तातही असतो. थॅलसेमियाच्या मुलाला त्याचंच साठवलेलं रक्त परत दिलं, तर आपण थॅलसेमियाच परत दिला. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी निरोगी आणि जुळणारं रक्त लागतं.

आता रक्ताच्या कर्करोगाकडे येते, कारण तुमची खरी भीती तीच आहे. लहान मुलांच्या ल्युकेमियात पहिला जनुकीय बिघाड पुष्कळदा आईच्या पोटातच झालेला असतो. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्मानंतर टाचेतून घेतलेले, कार्डावर वाळलेले रक्ताचे थेंब संशोधकांनी वर्षांनंतर तपासले, तेव्हा काही मुलांच्या थेंबात तो बिघाड सापडला. म्हणजे पिशवीतही तो असू शकतो. शिवाय ल्युकेमियात ट्रान्सप्लांट करतो ते दुसऱ्याच्या प्रतिकारशक्तीने उरलेल्या कर्करोगाच्या पेशी हुडकून माराव्यात म्हणून. स्वतःच्या पेशी ते काम करत नाहीत, त्यांना तो कर्करोग परका वाटतच नाही.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सात वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया झाला होता. वडील पहिल्याच भेटीत प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं बँकेचं प्रमाणपत्र घेऊन आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, आमची पिशवी आहे, लगेच चालू करू.’ ते प्रमाणपत्र टेबलावर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका होती, ती मला माझ्या शब्दांनी काढून घ्यावी लागली. मुलगी केमोथेरपीवर बरी झाली. बहुतेक मुलं या आजारात केमोथेरपीनेच बरी होतात, तुमच्या साडूंचा मुलगाही तसाच झाला असणार. पण त्या दिवशी त्या बापाला जे वाटलं ते कुणाही आईबापाला वाटू नये, म्हणून मी हे इतकं सविस्तर लिहितेय.

स्वतःचं रक्त स्वतःला कधीच लागत नाही का? क्वचित लागतं. काही गाठींच्या कर्करोगांत जबर केमोथेरपीनंतर रुग्णाच्याच पेशी परत देतो. पण त्या पेशी आम्ही उपचार सुरू असताना त्याच्याच रक्तातून काढतो, जन्मापासून साठवाव्या लागत नाहीत. अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्ये अंदाज दिला होता: पहिल्या २० वर्षांत स्वतःचं नाळेतलं रक्त वापरायची वेळ येण्याची शक्यता २,५०० मध्ये एक ते दोन लाखांत एक यांच्या दरम्यान. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत की पुढे स्वतःसाठी लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही ‘जैविक विमा’ म्हणून खासगी साठवणूक करू नये, असंच सांगितलं.

७५ वर्षांचंही जरा गणित मांडून बघा. साध्या रक्तगट जुळवण्यापेक्षा ट्रान्सप्लांटची भाषा वेगळी असते, ती पेशींच्या संख्येची. रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच ते तीन कोटी पेशी लागतात. एका चांगल्या पिशवीत ६० ते ९० कोटी निघतात, पुष्कळ पिशव्यांत त्याहून कमी. १० किलोच्या बाळाला ती भरपूर झाली, २०-२५ किलोच्या मुलाला पुरते. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटींच्या वर पाहिजेत. परदेशात मोठ्या माणसांसाठी दोन वेगवेगळ्या बाळांच्या पिशव्या एकत्र वापरल्या गेल्या, ते याचसाठी. उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये पेशी टिकतात, २७ वर्षं ठेवलेल्या पेशीही जिवंत निघाल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. पण पेशी टिकल्या तरी पिशवी मोठी होत नाही, मूल मोठं होतं.

टिकण्याचा भरवसाही टाकी सांभाळणाऱ्यावर असतो. सिंगापूरमध्ये २०२३ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या तपासणीत एका खासगी बँकेच्या २२ पैकी सात टाक्यांचं तापमान मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं, आणि दोन हजारांहून जास्त कुटुंबांच्या पिशव्या खराब झाल्या. पालकांना हे कळायला त्यांच्याकडे कुठलाच मार्ग नव्हता. गोठवलेली पिशवी आपण घरी आणून उघडून बघू शकत नाही.

तुम्हाला बहुधा ‘कम्युनिटी बँकिंग’ही सांगितलं असेल: तुम्ही तुमची पिशवी द्या, गरज पडली तर सगळ्या सभासदांच्या पिशव्यांतून जुळणारी घ्या. स्वतःसाठी साठवण्यापेक्षा हा विचार नक्कीच शहाणपणाचा आहे, कारण लागतं ते दुसऱ्याचंच रक्त. तरी पिशवीच्या आकाराची अडचण तशीच राहते, आणि पैसे भरलेल्यांनाच त्याचा लाभ मिळतो, जे मला डॉक्टर म्हणूनही आणि माणूस म्हणूनही पटत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे आम्ही ट्रान्सप्लांट करण्याची पद्धतच दरम्यान बदलली.

मी शिकत होते तेव्हा पूर्ण जुळणारं भावंड नसेल तर हात टेकावे लागायचे. भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आता घरात मुलं एक किंवा दोन. त्या काळात मलाही वाटायचं की नाळेतलं रक्त हाच पुढचा रस्ता. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अर्ध्या जुळणीचं ट्रान्सप्लांट सोपं करून दाखवलं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायचं, जे जुनं आणि स्वस्त औषध आहे, आणि दोघांच्या पेशींमधलं भांडण आटोक्यात ठेवायचं. आई आणि वडील मुलाशी जन्मतःच अर्धे जुळतात. आज माझ्या वॉर्डात भाऊ-बहीण न जुळलेल्या मुलाला आई किंवा बाबा पेशी देतात, हे रोजचं झालंय. नाळेतल्या रक्ताने नव्या पेशी उगवायला जास्त दिवस लागतात, तेवढे दिवस मूल जंतुसंसर्गाच्या धोक्यात राहतं, आणि आपल्याकडच्या हट्टी जंतूंपुढे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. तुम्ही ‘आपण ठेवलंच नव्हतं असं व्हायला नको’ म्हणालात. तुमच्या बाळाला उद्या दुर्दैवाने गरज पडलीच, तर बहुतेक वेळा डोनर म्हणून मी आधी तुमच्याकडे आणि तुमच्या पत्नीकडे बघेन. तुम्ही दोघं आहातच.

आता ज्या घरांत माझं उत्तर उलट असतं त्यांच्याबद्दल, कारण हा भाग कुणी वगळू नये.

मोठ्या मुलाला थॅलसेमिया, सिकल सेल, फॅन्कोनी किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर नाळेतलं रक्त जरूर घ्यावं. ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून, त्या मुलाच्या नावाने. महाराष्ट्रात हे प्रसंग दुर्मीळ नाहीत. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, कच्छी-लोहाणा घरांत थॅलसेमिया आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकल सेल आहे. उल्हासनगरचं एक कुटुंब आठवतं. चार वर्षांची मुलगी दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घेणारी, आई दुसऱ्यांदा गरोदर. पुढचं बाळ निरोगीही असावं आणि बहिणीशी पूर्ण जुळावंही, याची शक्यता १६ मध्ये तीन. ते बाळ जुळलं. रक्त मात्र पिशवीत ४५ मिलिलिटरच निघालं. आम्ही थांबलो, भाऊ सव्वा वर्षाचा झाल्यावर त्याचा थोडा बोन मॅरो घेतला आणि दोन्ही एकत्र दिलं. ती मुलगी आता रक्त चढवायला येत नाही, वर्षातून एकदा तपासणीला येते. अशा घरांना पैशाची चिंता असेल तर कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या ‘थॅलसेमिया बाल सेवा योजने’तून ट्रान्सप्लांटसाठी दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळतं, हेही इथेच सांगून ठेवते.

तुमच्या बाबतीत साडूंच्या मुलाचा ल्युकेमिया या यादीत येत नाही. मावसभावाला झाला म्हणून तुमच्या बाळाची जोखीम मोजण्याइतकी वाढत नाही.

आता त्या रक्ताचं करायचं काय? जन्मानंतरही काही मिनिटं नाळेतून रक्त बाळाकडे वाहत असतं. लगेच चिमटा लावला नाही तर पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांत १०० च्या आसपास रक्त बाळाच्या अंगात जातं. तीन किलोच्या बाळाच्या अंगातलं एकूण रक्तच २५० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे हा वाटा केवढा मोठा आहे बघा. त्यातलं लोह बाळाला पुढचे कित्येक महिने पुरतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबा म्हणते, ती उगाच नाही. पिशवी भरायची तर घाई करावी लागते, आणि नीट थांबलं तर पिशवीत फारसं उरत नाही. ‘दोन्ही होतं’ असं तुम्हाला कुणी सांगेल, तेव्हा त्यांना विचारा की मग पेशी किती भरल्या. अडीच हजारांत, नाहीतर दोन लाखांत एखाद्याच्या कामी येणाऱ्या पिशवीपेक्षा तेच रक्त त्याच दिवशी, त्याच बाळाच्या अंगात मला जास्त मोलाचं वाटतं. बाळ रडलं नाही, श्वास अडखळला, तर डॉक्टर नाळ लवकर कापतील, तो निर्णय त्यांच्यावर सोडा.

‘कॉम्बो’ योजनेत नाळेचा तुकडा, वार, पुढे दुधाचे दातही साठवतो असं सांगितलं असेल तर तिथे सरळ नाही म्हणा. आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे फक्त नाळेतल्या रक्ताच्या व्यावसायिक साठवणुकीला परवानगी आहे, बाकी कशालाच नाही. आपल्या आज्या नाळेचा वाळलेला तुकडा डबीत जपून ठेवायच्या. त्या मायेला कुणी नवं दरपत्रक चिकटवू नये. तसंच ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी ‘पुढे उपयोग होईल’ या बोलण्यावर जाऊ नका. ड्यूक विद्यापीठाच्या ऑटिझमच्या चाचणीत मुख्य अपेक्षित सुधारणा दिसली नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असं स्पष्ट केलं.

हे वाचणाऱ्या काहींनी आधीच पैसे भरलेले असतील. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. सातव्या-आठव्या महिन्यात भीती दाखवून विकलेली गोष्ट नाकारणं सोपं नसतं. बँकेकडून लेखी एवढं मागून घ्या: पिशवीतलं रक्त किती मिलिलिटर, एकूण पेशी किती, सीडी-३४ पेशी (म्हणजे त्यातल्या स्टेम सेल) किती, जंतुसंसर्गाची तपासणी काय आली, परवान्याची मुदत कधीपर्यंत. आकडे कमी असतील तर पुढचे हप्ते भरायचे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

राहिलं दान. नाळेतलं रक्त दान करायची सोय नाशिकसारख्या शहरात नेहमीच्या प्रसूतिगृहात जवळपास नाही. अमेरिकेत बाळंतपण असलेल्या मराठी मुलींना मात्र काही हॉस्पिटलांत सार्वजनिक बँकेला विनामूल्य देता येतं, त्यांनी आधी चौकशी करावी. तुमच्यासाठी त्याहून चांगला रस्ता आहे, आणि तो तुम्ही विचारलाही नव्हता: तुम्ही स्वतः डोनर म्हणून नोंदणी करा. चेन्नईची दात्री, बेंगळुरूची डीकेएमएस, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री, यांपैकी कुठेही. वय १८ ते ५० च्या आत आणि तब्येत ठीक असेल तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, बस. जुळणारा रुग्ण सापडला तर पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, अंग आणि हाडं दुखतात, फ्लूसारखं वाटतं, मग प्लेटलेट देतात तसं तीन-चार तास मशीनला बसायचं. मणक्यात सुई घालत नाहीत. बोन मॅरो काढावा लागला तरी तो कमरेच्या हाडातून, भूल देऊन काढतात.

नोंदणी करताना एक गोष्ट मात्र घरी बोलून करा. जुळणारा डोनर मिळाला की आम्ही रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी पूर्ण संपवतो, तिथून मागे फिरता येत नाही. एकदा २६ वर्षांच्या एका डोनरने ही औषधं सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात माघार घेतली, आई घाबरली म्हणून. रुग्णाचे उपचार सुरू झाले नव्हते म्हणून तो वाचला, पण दुसरा डोनर मिळेपर्यंत चार महिने गेले आणि तेवढ्यात आजार उलटला. आपल्याकडे लग्नं जातीत, पोटजातीत होत आल्यामुळे जुळणीही बहुतेक वेळा त्याच वर्तुळात सापडते. जगभरच्या नोंदण्यांत चार कोटींहून जास्त लोक आहेत, त्यात भारतातले काही लाखच. मराठी रुग्णासाठी मी जर्मनीतली नावं चाळते, तेव्हा हा हिशेब मला फार टोचतो.

तर माझं उत्तर असं: तुमच्या घरी आजारी मूल नसेल तर ६५ हजार भरू नका, नाळ कापायला किमान एक मिनिट थांबायला सांगा, आणि नोंदणी तुम्ही दोघं करा, पत्नीने बाळंतपण उरकून बाळाचं अंगावरचं दूध बंद झाल्यावर. नाळ उशिरा कापण्याबद्दल ३६ व्या आठवड्याच्या भेटीत प्रसूतितज्ज्ञांशी बोला आणि फाइलवर लिहून घ्या. लेबर रूममध्ये ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

आणि आज घरी गेल्यावर फाइलमध्ये एचबी-ए-टू चा (थॅलसेमियाचा वाहक ओळखायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट शोधा. पत्नीचा आकडा ३.५ च्या वर असेल तर तुमचीही तपासणी याच आठवड्यात करा. दोघांचाही वर निघाला, किंवा दोघांपैकी कुणाच्या घरी थॅलसेमिया, सिकल सेलचा रुग्ण असेल, तर मला लगेच कळवा. मग वरच्यातलं बरंच काही तुम्हाला लागू होणार नाही, आणि बाळंतपणाआधी हातात फार थोडे आठवडे आहेत.